शाळेची टाकी दुपारपर्यंत रिकामी होते, वीजबिलही वाढतं: गळती शोधायची कशी?

सकाळी मोटर लावून टाकी गच्च भरलेली असते. मधल्या सुट्टीत खिचडीची ताटं धुऊन होतात न होतात तोच नळ कोरडे पडतात. मग पुन्हा मोटर. महिनाअखेरीला येणारं वीजबिल गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा जास्त. प्लंबर येतो, दोन तोट्या बदलतो, आठ-पंधरा दिवस बरं चालतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जिल्हा परिषदेच्या आणि लहान अनुदानित शाळांमधून ही तक्रार सतत कानावर येते. ती पुन्हा पुन्हा का उद्भवते आणि मुळापासून कशी काढायची, ते इथे सविस्तर लिहितो आहे. फार साधनं लागत नाहीत. एक फूटपट्टी, दोरी, पाण्याची बाटली आणि वही पुरते.

पहिली गोष्ट, पाणी आणि वीज या दोन वेगळ्या तक्रारी समजू नका. वाया गेलेलं प्रत्येक बादलीभर पाणी मोटरने विजेवर वर चढवलेलं असतं. 1 अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण 1 युनिट घेते. टाकी एकदाऐवजी दोनदा भरावी लागली की त्या कामाची वीज दुप्पट झाली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अशी तक्रार आली की आपण मुलांकडे बोट दाखवतो. भिंतीवर ‘पाणी वाचवा’ लिहितो, परिपाठात सूचना देतो, निबंध स्पर्धा घेतो. पण हिशेब करून पाहा. वर्षाचे तास 8760. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीचे किमान 200 आणि सहावी ते आठवीचे किमान 220 दिवस शाळा भरते. दिवसाचे सात तास धरले तरी जेमतेम 1500 तास होतात. उरलेल्या सात हजारांहून अधिक तासांत शाळेला कुलूप असतं. टाकीत पाणी असेल तर पाइपमध्ये दाब मात्र तेव्हाही असतो आणि मीटरही जागाच असतो. म्हणून तपास रात्रीपासून सुरू करायचा. मुलं नसताना पाणी कमी होत असेल, तर तो दोष मुलांचा नाही.

आधी बिल नीट वाचा

बिल वाढलं म्हणजे वापर वाढलाच असं नाही. बिलावरचं मागील रीडिंग आणि चालू रीडिंग पाहा, मग मीटरपाशी जाऊन प्रत्यक्ष आकडा पाहा. शाळा बंद होती म्हणून रीडिंग घेता आलं नाही आणि सरासरीने बिल आलं, असं सुट्टीच्या महिन्यांत अगदी सर्रास होतं. तसं असेल तर महावितरणच्या ॲपवरून स्वतः रीडिंग पाठवता येतं किंवा उपविभागात अर्ज देता येतो.

बिलावरचा दरसंकेतही एकदा तपासा. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी ‘सार्वजनिक सेवा’ हा वेगळा वर्ग आहे. जुन्या जोडणीत चुकून व्यावसायिक दर लागलेला असेल तर गळती कितीही थांबवली तरी बिल जड येणारच. मंजूर भारही, म्हणजे जोडणीला किती किलोवॅटची परवानगी आहे तेही, पाहून ठेवा. इथे सगळं ठीक असेल तर टाकीकडे वळू.

रात्रीची तपासणी

संध्याकाळी शाळा सुटल्यावर टाकीतली पातळी मोजायची. दोरीला दगड बांधून टाकीच्या तोंडावरून सोडा आणि झाकणाच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्या. सकाळी मोटर लावण्याआधी तेच अंतर पुन्हा मोजा. 1000 लिटरच्या नेहमीच्या उभ्या गोल टाकीचा व्यास सुमारे 1.1 मीटर असतो, म्हणजे पातळी 1 सेंटीमीटर उतरली की साडेनऊ लिटर पाणी गेलं. रात्रीत 12 सेंटीमीटर उतरली तर शंभरहून जास्त लिटर गेले आणि त्या वेळी आवारात कुणीही नव्हतं. मुलांना मात्र मोजायला गच्चीवर चढवू नका. ते काम मोठ्या माणसाचं. आकडा खाली येऊन मुलांना सांगा, गणित त्यांना करू द्या.

नळयोजनेचं पाणी थेट वरच्या टाकीत पडत असेल तर त्या रात्रीपुरती ती लाइन बंद करा, नाहीतर हिशेब चुकेल.

पहिल्या रात्री बाकी काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. पातळी उतरली तर दुसऱ्या रात्री टाकीच्या बुडाशी असलेला बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करून मोजा. आता पातळी स्थिर राहिली तर गळती खालच्या पाइपांत, तोट्यांत किंवा संडासात आहे. बंद करूनही उतरली तर टाकीला तडा आहे, किंवा पाणी मोटरच्या पाइपातून उलटं जातंय. पुढच्या रात्री बाहेरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून एकेक फाटा बंद करत जा: एक रात्र मुलांची स्वच्छतागृहं, एक रात्र मुलींची, एक रात्र हात धुण्याची जागा. ज्या रात्री पातळी उतरायची थांबेल, त्या फाट्यात दोष आहे.

इथे एक अडचण हमखास येते. जुना पितळी गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतच नाही. चाक गच्च फिरवलेलं असतं, तरी आतून पाणी झिरपत राहतं. म्हणून व्हॉल्व्ह बंद केल्यावर खालची तोटी उघडून पाहा. पाइपातलं उरलेलं पाणी वाहून गेल्यावर धार पूर्ण थांबली पाहिजे. थांबत नसेल तर आधी तो व्हॉल्व्ह बदला आणि त्या जागी पाव फेरीत बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवा. फाट्याफाट्याला व्हॉल्व्हच नसतील, तर प्लंबरकडून पहिलं काम हेच करून घ्या. तोट्या नंतर. व्हॉल्व्ह नसल्यामुळे एक तोटी बदलायला अख्खी टाकी रिकामी करावी लागते आणि म्हणूनच दुरुस्ती महिनोन् महिने लांबते.

जी कारणं डोळ्यांना दिसत नाहीत

टपकणारी तोटी सगळ्यांना दिसते. तिच्याखाली लिटरची बाटली ठेवून वेळ लावा. वीस मिनिटांत भरली तर दिवसाचे 72 लिटर. वायसर बदला, आट्यांना टेफलॉन टेप लावा, काम झालं. त्यावर जास्त लिहीत नाही. खरा त्रास पुढच्या कारणांनी होतो, कारण तिथे पाणी जाताना कुणी पाहत नाही.

सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे चालू राहिलेली मोटर. दुपारी मोटर लावली, तेवढ्यात लाइट गेली. बटण तसंच राहिलं. शाळा सुटली, सगळे घरी गेले. संध्याकाळी सातला लाइट आली, मोटर आपोआप सुरू झाली, टाकी भरली आणि रात्रभर गच्चीवरून पाणी पडत राहिलं. पहाटे पुन्हा लाइट गेली की मोटर थांबते आणि शाळा भरेपर्यंत जमीन वाळलेली असते, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. ओव्हरफ्लोच्या पाइपाखालची भिंत पाहा. तिथे हिरवं शेवाळ किंवा क्षाराचा पांढरा ओघळ असेल तर हे तुमच्याकडे वरचेवर घडतंय. बारा तास मोटर चालली तर 12 युनिट वीज गेली. खालचा हौद मध्येच आटला तर मोटर कोरडी फिरून वाइंडिंग जळतं, तो खर्च वेगळा.

यावर ‘लक्ष ठेवा’ हा उपाय नाही. बहुतेक प्राथमिक शाळांत शिपाईच नसतो. वर्गावर शिकवणारी बाई किंवा गुरुजीच मोटर लावतात आणि फळ्याकडे वळल्यावर विसरतात, यात त्यांचा काय दोष? मोटर साध्या बटणावर ठेवू नका. नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर बसवा. लाइट गेली की तो सुटतो आणि माणसाने हिरवं बटण दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही. शेतात स्टार्टरला जोडतात ते ‘ऑटो’ शाळेत नको, कारण ते नेमकं उलटं काम करतं. याच्या जोडीला टाकी भरली की मोटर बंद करणारा आणि हौद आटला की चालू होऊ न देणारा पातळी नियंत्रक लावला तर हा प्रश्न कायमचा मिटतो. शाळेत एकच सुधारणा करण्याइतके पैसे असतील तर ही करा.

दुसरं कारण फसवं आहे. टाकी रिकामी होते, पण आवारात कुठेच ओल नाही. अशा वेळी मोटरकडून येणारा पाइप टाकीत कसा सोडलाय ते पाहा. वरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज नको म्हणून कुणीतरी त्याला तुकडा जोडून तो पाण्यात बुडवलेला असतो. मोटर थांबली आणि खालचा फूट व्हॉल्व्ह (ओढपाइपाच्या टोकाची, पाणी मागे न जाऊ देणारी झडप) नीट बसत नसेल, तर त्याच पाइपातून टाकीचं पाणी उलटं हौदात किंवा बोअरमध्ये उतरतं. हौदाची पातळी रात्रीत वाढलेली दिसली तर खात्री धरा. पाइपाचं तोंड पाण्याच्या सर्वोच्च पातळीच्या वर घ्या, फूट व्हॉल्व्हमधला कचरा काढा आणि मोटरच्या पुढे एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवा. मोटरला दर वेळी पाणी भरून चालू करावं लागत असेल, तर फूट व्हॉल्व्ह गेल्याची तीही खूण आहे.

तिसरं, उघडी राहिलेली तोटी. नळाला पाणी नसताना मूल तोटी फिरवून पाहतं, काही येत नाही म्हणून तशीच सोडून जातं. मग नळयोजनेचं पाणी पहाटे येतं आणि वाहून जातं. सुटताना शेवटची फेरी मारणाऱ्याने प्रत्येक तोटी हाताने फिरवून बंद आहे का पाहायचं, कोरडी असली तरी. हौद भरला की तरंगत्या चेंडूने पाणी बंद करणारा बॉल कॉकही असाच दगा देतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात त्याच्या दांडीवर थर बसतो आणि तो अडकतो. चेंडू हाताने वर उचला, पाणी थांबलं पाहिजे. चेंडू काढून हलवून पाहा, आत पाणी खळखळलं तर तो फुटलाय.

मुलांच्या मुतारीवर भोकं पाडलेला आडवा पाइप असतो, तो विसरू नका. त्याचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवायची सवय सगळीकडे आहे, वास येऊ नये म्हणून. पाण्याची बारीक धार दिवसभर, कधी रात्रभर चालू राहते. हा व्हॉल्व्ह बंदच ठेवावा. मधल्या सुट्टीनंतर आणि शाळा सुटल्यावर दोन मिनिटं उघडून धुवावं, वास त्यानेही जातो. फ्लशची टाकी असेल तर तिच्यात हळदीचं पाणी किंवा शाई टाकून पंधरा मिनिटं थांबा. न ओढताच भांड्यात रंग उतरला तर आतला रबर बदला.

दिवसा कुठे जातं?

रात्रीची पातळी स्थिर आहे आणि तरी टाकी दुपारी संपते, असं असेल तर मधल्या सुट्टीत हात धुण्याच्या जागेपाशी उभे राहा. पोषण आहाराची ताटं धुणं हा शाळेतल्या पाण्याचा फार मोठा खर्च आहे. तोटीखाली बादली धरून वेळ लावा. मिनिटाला 6 लिटर येत असतील आणि एक मूल 40 सेकंद तोटी चालू ठेवत असेल तर एका ताटाला 4 लिटर. 150 मुलांचे 600 लिटर. हजार लिटरची टाकी इथेच निम्म्याहून जास्त रिकामी झाली.

आता हीच रचना बदला. पहिल्या बादलीत उष्टं झटकायचं, पाणी न वापरता. मग साबणाच्या पाण्याचं टब, त्यानंतर खळबळण्याचं टब आणि शेवटी तोटीखाली एकदाच ताट धरायचं. 40 लिटरची दोन टब मध्ये एकदा बदलली तरी 160 लिटर आणि शेवटच्या धारेला प्रत्येकी अर्धा लिटर धरून 75. सगळे मिळून 235 लिटर. ताटं आधीपेक्षा स्वच्छ निघतात, कारण साबण सगळ्यांना मिळतो. टब बदलायची जबाबदारी मोठ्या वर्गाला द्या, पण पाणी गढूळ झालं की बदलायचंच. पाणी वाचवायच्या नादात मुलं आजारी पडली तर काय मिळवलं? हे सांडपाणी परसबागेकडे वळवा. अळू आणि केळीला ते चालतं. कच्च्या खायच्या पालेभाजीला घालू नका.

हात धुण्याच्या पाण्यावर आणि मुलींच्या स्वच्छतागृहावर कधीही काट मारू नका. पाणी कमी आहे म्हणून मुलींच्या संडासाला कुलूप लावलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. मोठ्या मुली मग दिवसभर पाणी पीत नाहीत, पाळीच्या दिवसांत घरी राहतात. ही बचत नव्हे. तंगीच्या दिवसांत सगळ्यांत शेवटी बंद करायची जागा ती, आणि गळती शोधायची ती याचसाठी की तिथे पाणी पोचावं.

पिण्याच्या पाण्याला आरओ बसवला असेल तर त्याची सोडपाण्याची नळी कुठे जाते पाहा. घरगुती आकाराचं यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. ते पिंपात साठवून फरशी पुसायला आणि संडासात वापरा. मुळात पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, तपासा. भारतीय मानक 10500 नुसार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत टीडीएसचं पाणी क्षाराच्या दृष्टीने पिण्यास योग्य आहे. जंतूंचा बंदोबस्त क्लोरीनने किंवा यूव्हीने (अतिनील किरणांनी) होतो, त्यासाठी आरओची गरज नाही.

विजेची रात्र

मोटर ठीक झाली तरी बिल उतरत नसेल तर हीच युक्ती विजेला लावा. संध्याकाळी मीटरचं रीडिंग लिहा, सकाळी पुन्हा लिहा. जास्त बारकाईने पाहायचं तर सगळी बटणं बंद करून मीटरवरचा लाल दिवा पाहत राहा. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवर छापलेलं असतं, बऱ्याचदा 3200. दर 45 सेकंदांनी एकदा लुकलुकला तर तासाला 80 वेळा, म्हणजे 25 वॅट सतत जाताहेत. महिन्याला 18 युनिट, काहीही न वापरता. संगणक कक्षाचे यूपीएस, डिजिटल वर्गाचा टीव्ही, इन्व्हर्टर, वॉटर कूलर, बाहेरचा विसरलेला दिवा हे एकेक करून प्लगमधून काढा आणि दिव्याचा वेग बदलतो का पाहा. सगळं काढूनही लुकलुकत असेल तर कुणी वायर जोडून घेतली आहे किंवा ओलीतून वीज जमिनीत जाते आहे.

यातलं दुसरं असेल तर त्याच दिवशी वायरमन बोलवा. ओल्या हातांनी मुलं तिथे वावरतात. मोटरच्या आणि कूलरच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर ही संपूर्ण पोस्ट बाजूला ठेवून आधी तो बसवा.

पंखे बदलायचे असतील तर हिशेब सोपा आहे. जुना पंखा 75 वॅटचा, कमी वीज खाणारा नव्या प्रकारचा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. 20 पंखे सहा तास चालले तर दिवसाला 5.4 युनिट वाचतात, 200 दिवसांत हजाराच्या वर. तांब्याच्या चोकच्या ट्यूबऐवजी एलईडी लावली तरी निम्म्याहून जास्त बचत होते. सौर पॅनेल कुणी देणगीत देत असेल तर जरूर घ्या, 1 किलोवॅटला दिवसाला 4 युनिटच्या आसपास मिळतात. पण रात्रीची गळती तशीच ठेवून वर पॅनेल बसवलं, तर ते पॅनेल ओव्हरफ्लोचं पाणी चढवण्यात खर्ची पडेल.

पैसे आणि पुन्हा न होऊ देणं

समग्र शिक्षाच्या निकषांनुसार पटानुसार शाळा अनुदान असतं: 30 मुलांपर्यंत 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे आहेत. तोट्या, व्हॉल्व्ह, फ्लशची दुरुस्ती त्यात बसते. अनुदान उशिरा येतं, तुकड्यांत येतं, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ‘पाणी कमी पडतं’ असं मोघम न सांगता रात्रीच्या मोजणीची वही पुढे ठेवा. ‘रात्रीत शंभर लिटर जातात, या व्हॉल्व्हमुळे’ असं म्हटलं की गावातलाच कुणी फिटर किंवा मोटर वाइंडिंगवाला काम करून देतो. सुट्टीत लग्नाच्या मांडवाला शाळेचं पाणी आणि वीज जात असेल तर तो विषयही त्याच बैठकीत ग्रामपंचायतीच्या सदस्यांसमोर मांडा, एकट्या मुख्याध्यापकांनी वाईटपणा घेऊ नये.

दुरुस्ती टिकत नाही याचं एक कारण स्वस्त प्लास्टिकच्या तोट्या आणि दुसरं त्यांची उंची. पहिलीतल्या मुलाचा हात पुरत नाही तिथे ते तोटीला लोंबकळतं, चार दिवसांत ती मोडते. लहान मुलांसाठी खालच्या उंचीची वेगळी ओळ घ्या. कपाटात वायसर, टेफलॉन टेप, दोन जादा तोट्या, बॉल कॉकचा चेंडू आणि मोटरचा कपॅसिटर ठेवा.

वही सहावी-सातवीच्या वर्गाकडे सोपवा. तारीख, संध्याकाळची पातळी, सकाळची पातळी, मीटरचं रीडिंग, मोटर किती मिनिटं चालली. हिवरे बाजार दरवर्षी अख्ख्या गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतं, मग एका टाकीचा ताळेबंद आपली मुलं सहज मांडू शकतात. मोटरला टाकी भरायला नेहमीपेक्षा जास्त मिनिटं लागू लागली, तर बिल येण्याआधीच वहीत दिसतं. शिक्षकांची बदली झाली तर वहीबरोबर फाट्यांच्या व्हॉल्व्हचा एक हाताने काढलेला नकाशाही नव्या सरांच्या किंवा बाईंच्या हातात द्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीला कुलूप लावताना टाकीचा बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करा, मोटरचा आणि कूलरचा मेन पाडा, त्या दिवशीचं मीटर रीडिंग फोटोसह ठेवा. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधी टाकी धुऊन ब्लिचिंगच्या पाण्याने स्वच्छ करा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का पाहा आणि भरलेल्या टाकीची एक रात्र मोजा. पातळी उतरली तर मुलं यायच्या आधी तुमच्या हातात एक दिवस आहे.